मिसरी कंगणीची कुळकथा

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जॉन मार्शल यांची जवसाच्या तंतूंचं सूत काढणारी जुनी गिरणी उभी आहे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ बोनोमी यांनी तिचा दर्शनी भाग इजिप्तच्या देवळांसारखा घडवला. तिच्या माथ्यावरची कंगणी पाहा: दगड आधी आत वळतो आणि मग पुढे झुकतो.

ही घडण मूळची कुडाच्या भिंतींची, असं मानलं जातं. कुडावर सोडलेले झावळ्यांचे शेंडे पुढे वाकत, तोच आकार पाथरवटांनी दगडात आणला. सक्कारा इथे राजा जोसेरच्या काळात, साडेचार हजार वर्षांपूर्वीच, ती दगडात दिसते. फिनिशियनांनी ती उचलली. आजच्या सीरियातल्या अमरीतच्या देवळावर ती आहे. त्यांच्याच कार्थेजी शाखेबरोबर ती पश्चिमेला गेली. माल्टा बेटावर झुरिएक गावात पाद्रींच्या घराच्या आवारात एक प्युनिक, म्हणजे कार्थेजी, वास्तू टिकून आहे, तिच्या माथ्यावर हीच कंगणी. बोनोमींनी मात्र ती थेट इजिप्तमधून घेतली. ते तिथे राहून आले होते.

या कुळातली सर्वांत देखणी वास्तू ट्युनिशियातल्या दुग्गा इथे आहे: इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, सुमारे २१ मीटर उंचीची समाधी. मिसरी कंगणी, ग्रीक स्तंभशीर्षं आणि वर पिरॅमिड. तिच्यावर प्युनिक आणि लिबियन अशा दोन लिप्यांत लेख कोरला होता. १८४२ मध्ये ट्युनिसमधले ब्रिटिश वाणिज्यदूत सर थॉमस रीड यांनी तो लेख काढण्यासाठी समाधी पाडायला लावली. दोन हजार वर्षं टिकलेली इमारत एका लेखासाठी मोडली, हे मला अजूनही सहन होत नाही. १८५२ मध्ये लेखाचा तो दगड ब्रिटिश म्युझियमकडे आला. १९०८ ते १९१० या काळात लुई प्वांसो यांनी पडलेले दगड जुळवून समाधी पुन्हा उभी केली, पण त्या लेखाविना.

त्या लेखामुळे प्राचीन लिबियन लिपी वाचता येऊ लागली, हे मोठं ऋण आहे. पण लेखात आहे काय? कारागिरांची नावं: अतेबान, त्याचे साथीदार, सुतार मस्दल आणि नक्न, लोहार शफत आणि पपय. बांधणाऱ्यांना आपली नावं आपल्याच कामावर हवी होती. त्या दगडाची जागा लंडनमध्ये नाही, दुग्गाच्या समाधीवर आहे.