औषधदानाचा जमाखर्च : रुग्णाच्या आर्थिक विवंचनेचा ऐतिहासिक मागोवा



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा विषयासाठी फार दूर जावे लागले नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ओवे, मुर्बी, पेठ, कोपरा या गावांच्या भातशेतीभोवती पुढे खारघर वसले. याच परिसरात, सेक्टर २२ मध्ये, टाटा मेमोरियल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था उभी आहे. हातात जाड फाइल आणि खांद्याला कापडी पिशवी घेतलेले परगावचे रुग्ण व त्यांचे आप्त आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात. रोगाचे नाव कळताच घरातील प्रत्येकाच्या मनात ‘बरे होईल ना?’ हा प्रश्न उठतो. त्याच्यामागोमाग येणारा ‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न मात्र बहुधा ओठांवर येत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला आपल्या समाजाने आणि शासनाने गेल्या शतकात कोणकोणती उत्तरे दिली, याचा हा मागोवा आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले आहे. त्यामुळे कोणताही खर्च खाते पाडून पाहण्याची सवय अंगवळणी पडली आहे. गंभीर आजाराच्या खर्चाची मुख्यतः चार खाती पडतात : रुग्णालयाचे उपचार, औषधे, परगावी निवारा व भोजन, आणि बुडालेली मिळकत. इतिहास पाहता पहिल्या तीन खात्यांत काही ना काही जमा होत गेले. चौथ्या खात्याचे पान मात्र बहुतांशी कोरेच राहिले.

उपचाराचे खाते

पूर्वी मोठे दुखणे आले की घरातील सोने, मग शेत आणि अखेरीस सावकार, हाच क्रम ठरलेला असे. सार्वजनिक रुग्णालयांनी त्याला पहिला छेद दिला. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून आणि कंपनी सरकारच्या साहाय्याने १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झाले. परंतु कर्करोगासारख्या व्याधीवर विशेष उपचार त्या काळी येथे नव्हते. ज्यांची ऐपत असे, ते विलायतेस जात.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले. पैशाची कमतरता नव्हती, विलायतेचे वैद्यकही जवळ होते, तरीही त्या वाचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, ३ जून १९३२ रोजी, दोराबजीही गेले. तत्पूर्वी त्यांनी आपली संपत्ती सार्वजनिक न्यासाच्या स्वाधीन केली होती. त्याच न्यासाने परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. प्रारंभी तेथे ८० खाटा होत्या. स्वतःच्या घरातील दुःखाचे रूपांतर परक्याच्या घरातील आधारात व्हावे, याचे याहून मोठे उदाहरण मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

एका न्यासाच्या बळावर असे रुग्णालय कायमचे चालणे कठीण होते. १९५७ साली ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या वेळी या विभागाचे प्रमुख असलेले डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होत. १९६६ साली रुग्णालय व संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल केंद्र अस्तित्वात आले. २००२ साली त्याची खारघर येथील शाखा सुरू झाली. आजही या केंद्रात सुमारे ६० टक्के रुग्णांवर विनामूल्य अथवा नाममात्र दरात उपचार होतात. दानाने पाया घातला आणि शासनाने भिंती उभारल्या, असेच या संस्थेबद्दल म्हणावे लागेल.

धर्मादाय रुग्णालयांबाबतही एक महत्त्वाची तरतूद आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात पुढे घातलेल्या कलम ४१-कक नुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने याची सविस्तर योजना लावून दिली आणि त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी ठेवण्यास सांगितले. हा हक्क आहे, याची माहिती मात्र अजूनही अनेकांना नसते.

औषधाचे खाते

आपल्या शास्त्रांनी आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील औषधदान आज किती महाग झाले आहे, हे दोन उदाहरणांवरून कळेल.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ हे औषध मूळ कंपनीकडून घेतल्यास महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत. तेच भारतीय कंपन्या ८ ते १० हजारांत देत असत. मूळ कंपनीने एकाधिकार मागितला, तेव्हा १९६९ साली मुंबईत स्थापन झालेली ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही संस्था रुग्णांच्या वतीने उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्याच्या एक वर्ष आधी, ९ मार्च २०१२ रोजी, यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ‘नेक्साव्हार’ या औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना एका भारतीय कंपनीस देण्यात आला. महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांचे ते औषध सुमारे ८,८०० रुपयांत मिळू लागले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

आपण व्यापारी मंडळी छापील किंमत आणि खरेदी किंमत यांतील अंतर जाणतो. कर्करोगाच्या औषधांत हे अंतर अवास्तव असल्याचे दिसून आल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. काहींच्या छापील किमती निम्म्याहूनही खाली आल्या. म्हणूनच, औषधाची चिठ्ठी हाती पडताच हेच औषध दुसऱ्या कंपनीचे चालेल का, आणि रुग्णालयाच्या दुकानात कितीला मिळेल, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. कापडाच्या ताग्याचा भाव चार पेढ्यांवर विचारणारे आपण, औषधाच्या बाबतीतच गप्प का बसावे?

आपल्या परिसराला अभिमान वाटावा अशी एक घटना येथे नमूद केली पाहिजे. रुग्णाच्या रक्तातील पेशींत जनुकीय बदल करून त्यांनाच कर्करोगाशी लढावयास लावण्याची जी ‘कार-टी’ उपचारपद्धती आहे, तिचा भारतातील पहिला प्रयोग जून २०२१ मध्ये आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये झाला. आय.आय.टी. मुंबईच्या सहकार्याने विकसित झालेल्या या उपचाराचे लोकार्पण ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. परदेशाच्या तुलनेत त्याची किंमत सुमारे एक दशांश आहे. तरीही तो एक दशांश लाखांच्या घरात जातो आणि मध्यमवर्गीयाची आयुष्यभराची पुंजी त्यात संपू शकते. विज्ञान आपल्या दारात आले, पण ते घरात आणण्यास अजून हात हवेत.

निवारा आणि भोजनाचे खाते

केमोथेरपी काही एका दिवसात होत नाही. महिनोन्महिने मुंबईत राहणे हेच गरिबाला उपचाराहून जड होते. हे ज्यांनी ओळखले, त्यांत संत गाडगे महाराजांच्या परंपरेचे स्थान फार वरचे आहे. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या महापुरुषाच्या मिशनची दादर येथील धर्मशाळा आज कर्करुग्णांचे माहेर झाली आहे. परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही परगावच्या रुग्णांना दीर्घकाळ आसरा देत आले आहे. २००६ साली सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या संस्थेने कर्करोगग्रस्त बालके व त्यांचे आईवडील यांच्यासाठी विनामूल्य निवासाची सोय केली. तिचे एक केंद्र आपल्या खारघरमध्येही आहे.

भोजनाच्या बाबतीत कच्छी जैन समाजातील हरखचंद सावला यांचे कार्य सर्वांना ठाऊक असावे. परळच्या रुग्णालयासमोरील पदपथावर उपाशी बसलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग पाहून ते अस्वस्थ झाले. आपले चालते उपाहारगृह दुसऱ्यास चालविण्यास देऊन त्यांनी अन्नदान आरंभिले. त्यातूनच पुढे ‘जीवन ज्योत’ ट्रस्ट उभा राहिला, औषधपेढी आली आणि आजारी मुलांसाठी खेळणीही आली. दानासाठी गडगंज असावे लागत नाही, दृष्टी उघडी असावी लागते, हे या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे.

शासकीय योजनांचे पर्व

१९९७ साली महाराष्ट्र शासनाने जीवनदायी आरोग्य योजना आणली. २ जुलै २०१२ रोजी तिचे व्यापक रूप, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपला रायगड जिल्हा त्या पहिल्या आठांत होता. प्रत्येक पात्र कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. २०१७ साली योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना ५ लाखांच्या मर्यादेसह आली. २०२३ साली राज्य शासनाने आपल्या योजनेची मर्यादाही ५ लाख करून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पांढरी शिधापत्रिका असलेले व्यापारी कुटुंबही आता त्यात येते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान कार्डाची सोय आहे. मात्र लाभ केवळ अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच मिळतो. त्यामुळे भरती होण्यापूर्वीच आरोग्यमित्राकडे चौकशी करणे इष्ट.

कोरे राहिलेले पान

आता चौथ्या खात्याकडे वळू. १९४८ च्या कायद्याने आलेली आणि १९५२ पासून अमलात असलेली राज्य कामगार विमा योजना आजारी कामगारास औषधाबरोबर रोख रक्कमही देते. साध्या आजारात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात त्यापुढेही ८० टक्के. परंतु ही सोय ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांना आहे. छोटा दुकानदार, दलाल, फेरीवाला, घरगुती खाद्यपदार्थ करून विकणारी भगिनी यांना कोणती रजा आणि कोणते वेतन? १९८६ साली देशात मेडिक्लेम आला, त्याने रुग्णालयाचे देयक भागते, दुकानाचे भाडे भागत नाही.

माझ्या परिचयातील एका व्यापारीबंधूंच्या बाबतीत हे जवळून पाहण्यात आले. उपचाराचा बहुतेक खर्च विम्याने दिला. पण दुकान आठ महिने धड उघडले नाही, गावोगावची उधारी वसूल झाली नाही, मोसमाचा माल पडून जुना झाला आणि तो खरेदीहून कमी भावाने काढावा लागला. ते बरे झाले, पेढी मात्र आजारीच राहिली. त्या आठ महिन्यांत त्यांनी कोणाकडेही शब्द टाकला नाही. ज्यांचे नाव देणगीदारांच्या फलकावर कोरलेले आहे, त्यांनी हात कसा पसरावा, हा संकोच त्यांना आवरत होता. गरिबाला निदान मागण्याची वाट ठाऊक असते, मध्यमवर्गीयाला तीही नसते.

आपण काय करू शकतो

या इतिहासावरून माझ्या अल्पमतीस जे सुचते, ते नम्रपणे मांडतो. रुग्णालयाचे मोठे देयक भागविण्यासाठी आज योजना, न्यास व विमा आहेत. तेथे समाजाने रक्कम ओतण्यापेक्षा माहिती द्यावी. निदान होताच पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती तयार ठेवाव्यात. रेल्वे प्रवासात कर्करुग्णास व सोबत्यास सवलत असते, तिचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. दागिने मोडण्याचा विचार या साऱ्या वाटा पाहून झाल्यावरच करावा. यासाठी कागदपत्रे जाणणारे दोन-तीन निवृत्त बंधू-भगिनी ट्रस्टच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बसले, तरी मोठे कार्य होईल.

ट्रस्टचा निधी मात्र कोऱ्या पानावर खर्ची पडावा. आजारी बांधवाचे तीन महिन्यांचे दुकानभाडे, मुलांची शाळेची फी, घरचा किराणा हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे उचलावे. त्याची उधारी वसूल करण्यास आणि दुकान दिवसातून चार तास उघडे ठेवण्यास तरुणांनी पाळी लावावी. यास पैसा थोडा आणि मनुष्यबळ अधिक लागते. साधर्मिक भक्तीचा याहून निर्मळ प्रकार कोणता?

एक अट मात्र असावी. आपल्याकडे गुप्तदानाची थोर परंपरा आहे. तिच्यात देणाऱ्याचे नाव झाकलेले असते. आजारपणाच्या मदतीत घेणाऱ्याचे नाव त्याहून काटेकोरपणे झाकले जावे. ना सभेत उल्लेख, ना अहवालात यादी. हा विश्वास बसला, तरच संकोची माणूस वेळेवर शब्द टाकील.

मेहेरबाईंच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय आज आपल्या शेजारी आले आहे. तेथे परगावाहून येणाऱ्या रुग्णांबरोबरच आपल्या गल्लीतील रुग्णाची विवंचना हलकी करणे, हे पुढील पन्नास वर्षांचे कार्य ठरो, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.