वर्ध्याची कुष्ठसेवा व कॅथलिक दयाकृत्यें

वर्ध्यानजीक दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेस आरंभ केला. या सेवेचें मूळ ख्रिस्ती, विशेषतः कॅथलिक, शिकवणींत शोधण्याचा मोह अभ्यासकास होणें साहजिक आहे. त्यास आधार कितपत आहे, एवढाच विचार प्रस्तुत टिपणांत कर्तव्य आहे.

कॅथलिक शिकवणींत दयेचीं कृत्यें चौदा. पैकीं सात देहासंबंधीं, सात आत्म्यासंबंधीं. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा, रोग्याचा समाचार, बंदिवानाची भेट व मृतास मूठमाती हीं देहासंबंधींचीं होत. यांतील पहिलीं सहा मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पंचविसाव्या अध्यायांत आढळतात. सातव्यास आधार तोबिताच्या ग्रंथाचा. दीनासाठीं जें केलें तें ख्रिस्तासाठींच केलें, हा त्या अध्यायाचा मथितार्थ.

कुष्ठरोग्यांसंबंधीं जुना दाखला ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेचा आहे. असे रोगी जेथें एकत्र राहतात तेथें त्यांस स्वतःचें प्रार्थनामंदिर, दफनभूमि व धर्मगुरु असूं द्यावा, असा तिचा ठराव. समाजानें दूर केलेल्यास धर्मानें सोडूं नये हें त्यांत आलें. दूर करणें मात्र त्यानें थांबलें नाहीं. तें अंतर एका माणसानें स्वतः ओलांडल्याचें प्रसिद्ध उदाहरण फादर डेमियन यांचें. हे बेल्जियन धर्मगुरु १८७३ सालीं हवाईमधील मोलोकाई बेटावर रोग्यांत राहावयास गेले व त्याच रोगानें १८८९ सालीं तेथेंच वारले.

आतां वर्ध्याकडे वळूं. दिवाण हे विनोबांच्या आश्रमांतील. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांस येरवड्याच्या तुरुंगांत रोगामुळें निराळें ठेवीत. गांधीजीहि १९३२ सालीं त्याच तुरुंगांत होते. शास्त्रीबोवा १९३९ सालीं सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आपल्या कुटीजवळ जागा दिली व स्वहस्तें त्यांचें अंग चोळलें.

निर्णायक पुरावा गांधीजींच्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेचा. १९४५ च्या सुधारलेल्या आवृत्तींत अठरा कलमें असून सतरावें कुष्ठरोग्यांविषयीं आहे. रोग्यांची काळजी बहुतांशीं मिशनरी घेतात, हें श्रेय तेथें मोकळेपणें दिलें आहे. भारतीयानें केवळ प्रेमानें चालविलेली संस्था म्हणून एकट्या दिवाणांच्या संस्थेचा निर्देश आहे. तिची प्रेरणा विनोबांची, असेंहि म्हटलें आहे. येथें एक सावधगिरी हवी. ‘मिशनरी’ म्हणजे कॅथलिकच असें नव्हे. या कामांतील प्रमुख संस्था ‘मिशन टु लेपर्स’ (स्थापना १८७४) ही प्रॉटेस्टंटांची होती.

तात्पर्य, उदाहरण डोळ्यांसमोर होतें हें सिद्ध. कॅथलिक शिकवणीपासून थेट परंपरा मात्र सिद्ध होत नाहीं. साम्य आहे तें आचाराचें : दोन्हींकडे दान पाठवून भागलें नाहीं, रोग्याजवळ जावें लागलें. साम्यास वंशावळ मानणें दोन्ही पक्षांस अन्यायाचें होईल.

संग्राहकांस अखेर एक विनंति. आपण सनदा व फर्मानें जिवापाड जपतों. कुष्ठधामाचा एखादा जुना हिशेब किंवा पत्र रद्दींत दिसल्यास तेंहि उचलावें. मात्र रोग्यांचीं नांवें छापूं नयेत. ज्यांस समाजानें एकदां उघडें पाडलें, त्यांस संशोधनानें पुनः उघडें पाडूं नये.