दृष्टांत, आज्ञापालन आणि माहीमचा बुधवार

शिवाजी पार्कच्या उत्तरेस, माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्यकारिणी मातेची नोव्हेना होते. तीस अन्यधर्मीय भाविकही मोठ्या संख्येने येतात. या मातेच्या मूळ चित्राची परंपरागत कथा मात्र आज्ञाभंगाची आहे. क्रीटहून चित्र चोरून आणणाऱ्या व्यापाऱ्याने मरणसमयी ते चर्चला देण्याची विनंती रोममधील मित्रास केली; मित्रपत्नीने ते घरीच ठेवून घेतले. मातेचे दृष्टांतही व्यर्थ गेले. अखेर घरातील लहान मुलीस दर्शन झाले, आणि १४९९ मध्ये चित्र चर्चमध्ये पोहोचले.

या दर्शनावर विश्वास ठेवणे कोणाही कॅथलिकावर बंधनकारक नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अशा घटनांची चौकशी बिशप करतात. २०२४ च्या व्हॅटिकन नियमावलीनुसार तर अनुकूल निर्णयही सामान्यतः ‘भक्तीस हरकत नाही’ एवढाच असतो. १८६६ मध्ये पोप नववे पायस यांनी चित्र रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केले, तेव्हा धर्मसत्तेने आपलीशी केली ती भक्ती. मुलीचे दर्शन श्रद्धेचा सिद्धांत झाले नाही. माहीमला मेणाचे घर वा हात वाहणाऱ्यास ही कथा बहुधा ठाऊकही नसते. आज्ञापालन शोधायचेच तर, माझ्या मते, ते त्याच्या न चुकणाऱ्या नऊ बुधवारांत शोधावे.