बधिर पाऊल आणि मंद दृष्टी

वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात महात्मा गांधी १९३६ साली राहावयास आले आणि १९४० साली त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील आश्रमात १९३९ साली परचुरेशास्त्री नामक संस्कृत पंडित आश्रयार्थ आले. त्यांना कुष्ठरोग, म्हणजे त्या काळच्या भाषेत महारोग, जडला होता. गांधीजींनी त्यांस ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांचे अंग चोळून शुश्रूषा केली. जवळच दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण १९३६ पासून हीच सेवा करीत होते.

कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी होतात व पाऊल बधिर होते. काटा रुतला तरी रोग्यास कळत नाही, जखम चिघळते. रोगच मांस खातो, अशी लोकांची समजूत होती. १९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी ती खोडून काढली. वेदना नष्ट झाल्यामुळे एकाच जागी वारंवार भार पडतो आणि तेथे व्रण होतो, असे त्यांनी दाखविले. पुढे १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकविलेला हा धडा तेथे मधुमेहींच्याही उपयोगी पडला.

मधुमेह भारतीय वैद्यकास नवा नाही. प्रमेहातील पिडकांचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. तथापि १९२१ साली टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी तरुण मधुमेही फार काळ जगत नसे. आयुष्य लाभले, तेव्हा दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेचे परिणाम अधिक दिसू लागले. तिच्यामुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात व पाझरतात. तिच्याचमुळे पायातील मज्जातंतूही क्षीण होतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शकामुळे या रक्तवाहिन्या जिवंत माणसाच्या डोळ्यात पाहता येऊ लागल्या. पायाच्या मज्जातंतूंना असा झरोका नाही.

ही दोन्ही दुखणी एकत्र आली म्हणजे संकट दुणावते. पाय जखमेची वर्दी देत नाही आणि मंद झालेल्या डोळ्यांस ती दिसत नाही. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर साधा फोडही पाय कापण्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून एका ठिकाणी बिघाड आढळला की वैद्याने दुसरेही ठिकाण तपासणे अवश्य होय. १९८९ साली इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपीय तज्ज्ञांनी पाच वर्षांचा संकल्प सोडला. मधुमेहजन्य अंधत्व एकतृतीयांशाने व पाय कापण्याचे प्रसंग निम्म्याने घटविणे, ही दोन उद्दिष्टे त्यात एकत्रच नोंदलेली आहेत.

सेवाग्रामी डॉ. सुशीला नय्यर यांच्या प्रयत्नाने १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परंतु पायाची राखण घरातच होते. अनवाणी शेतात जाऊ नये. रोज पाय धुऊन, पुसून, तळवा न्याहाळावा. ज्याची दृष्टी अधू झाली असेल, त्याचा तळवा घरातील दुसऱ्या कोणी पाहावा. परचुरेशास्त्र्यांच्या शुश्रूषेत दुसऱ्याच्या पीडित देहाकडे किळस न धरता, जवळ बसून पाहण्याची वृत्ती होती. मधुमेहीच्या घरीही आज तिचीच गरज आहे.