सिंहस्थांच्या मापाने: नाशिकचे हौशी छायाचित्रण

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीने सांगितला जातो. १८३९ मध्ये पॅरिसला डागेरची पद्धत जाहीर झाली, १८८८ मध्ये ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला, १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. ही सनावळ खरी असली तरी नाशिकसारख्या शहरातील हौशी माणसाच्या हाती कोणता कॅमेरा केव्हा पडला, हे तिच्यावरून कळत नाही. कारण ती गोष्ट शोधांपेक्षा आयातीच्या नियमांवर, मुंबईहून येणाऱ्या मालावर आणि घरच्या मिळकतीवर अधिक अवलंबून होती. या शहरापुरते बोलायचे तर सिंहस्थ हे माप जास्त उपयोगी पडते. गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर पर्वणीची स्नाने होतात, आणि ज्याच्याजवळ कॅमेरा आहे असा माणूस त्या दिवशी घाटाकडे वळतोच. ही स्नाने श्रावण-भाद्रपदात येत असल्यामुळे आभाळ भरलेले, घाट ओला आणि गर्दी सतत हलती असते. म्हणजे छायाचित्रणाला अत्यंत प्रतिकूल अशा परिस्थितीत दर बारा वर्षांनी त्या त्या पिढीच्या कॅमेऱ्याची परीक्षाच होते.

मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही होते. मात्र त्या काळची ‘ओली काच’ पद्धत घाटावर आणणे सोपे नव्हते. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत ती धुऊन काढायची, असा तो सारा व्यवहार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात थर त्याहूनही लवकर वाळणार, हे उघड आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर काचांच्या पेट्या आणि रसायनांच्या बाटल्या आणणे सुकर झाले, आणि पुढे जिलेटिनचा थर दिलेल्या तयार ‘कोरड्या काचा’ मिळू लागल्यावर छायाचित्रकाराला तंबू बरोबर बाळगण्याची गरज उरली नाही. तरीही शहराजवळच्या पांडवलेण्यांसारखे स्थळ दीर्घकाळ कठीणच राहिले. त्रिरश्मी डोंगरातील या चोवीस लेण्यांपैकी बहुतेकांची तोंडे उत्तरेच्या अंगाला असल्यामुळे आत थेट ऊन फारसे पडत नाही, बाहेरचे आकाश मात्र लख्ख असते. ओवरीतील शिलालेख स्पष्ट यावा म्हणून झडप बराच वेळ उघडी ठेवली तर बाहेरचे सारे पांढरेफटक होते, आणि आकाश सांभाळावे तर लेणे काळेठिक्कर पडते. प्रकाशाचा हा पेच आजही जसाच्या तसा आहे.

नाशिकचा कॅमेऱ्याशी असलेला सर्वांत मोठा संबंध दादासाहेब फाळके यांच्यामुळे आहे, आणि तो चित्रपटापुरता मानला जातो, ही एक उणीव म्हटली पाहिजे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे स्थिर छायाचित्रणात आणि छपाईत वावरत होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, आणि तेथील प्राचार्य गज्जर यांनी छायाचित्रावरून ठसे तयार करण्याची कला शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवले. पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्यावर ते बडोद्याला परतले, पण तेथे कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी समजूत पसरल्याने त्यांचा धंदा बसला. १९१२ मध्ये लंडनहून त्यांनी विल्यमसन कंपनीचा, हाताने दांडा फिरवून चालवायचा कॅमेरा आणला आणि त्यावर पहिला प्रयोग केला तो वाटाण्याच्या रोपावर: कुंडीत वाटाणे पेरून, महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करत, त्यांनी रोप उगवून वाढताना दाखवणारी मिनिटभराची फिल्म तयार केली. हा प्रयोग चित्रपटकाराचा आहे त्याहून अधिक हौशी छायाचित्रकाराचा आहे, कारण त्यात कथा नाही, पात्रे नाहीत. एका जागी रोवलेला कॅमेरा, रोजचा प्रकाश आणि संयम एवढेच आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला आणि त्यानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड व निर्मिती नाशिकला हलवली. १९१८ मध्ये भागीदारांसह स्थापन झालेल्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीचे कामही येथून चाले. फाळक्यांच्या घरात कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, अंधारात ती धुणे, वाळवणे आणि जोडणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई यांच्या हातून होत असत. घर आणि प्रयोगशाळा यांच्यात भिंत नसणे, हा या व्यवसायाचा आरंभीचा स्वभाव होता, आणि पुढे हौशी छायाचित्रकारांनी मोरीत किंवा माळ्यावर मांडलेली डार्करूम त्याच परंपरेतली आहे. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच निवर्तले. त्यांच्यावर १९७१ मध्ये निघालेले टपाल तिकीट नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले, जेथे १९५२ च्या संत-कवी मालिकेपासून फोटोग्रॅव्हर पद्धतीची, म्हणजे छायाचित्राच्या मदतीने धातूच्या रुळावर सूक्ष्म खाचा कोरून केलेली, तिकिटांची छपाई सुरू झाली होती.

१९५६ च्या सिंहस्थापर्यंत हौशी माणसाचा कॅमेरा म्हणजे खोक्याच्या आकाराचा ‘बॉक्स’, कातडी भाता असलेला घडीचा कॅमेरा किंवा, फारच ऐपत असेल तर, दोन भिंगांचा रोलायफ्लेक्सच्या जातीचा कॅमेरा. या शेवटच्या प्रकारात वरच्या भिंगातून चित्र पाहायचे आणि खालच्या भिंगातून ते फिल्मवर उतरवायचे. वरच्या काचेवरील चित्र डावे-उजवे उलटे दिसे आणि ते पाहण्यासाठी मान खाली घालावी लागे. गर्दीत मात्र हाच कॅमेरा डोक्यावर उलटा धरून खालून त्याच्या काचेत पाहता येई, आणि घाटावर उंच जागा न मिळालेल्या माणसाला त्याचा मोठा आधार होता.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि त्यामुळे पुढच्या पिढीच्या आठवणीत जो कॅमेरा सर्वांत खोल रुतला तो जर्मन रेखाटनावरून बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतील मुंजी, बारशी आणि सहली याच साध्या डब्याने टिपल्या. त्याच्या भिंगाला अंतर जुळवण्याची गरज नसे, झडपेचा वेग सुमारे एक तीसांश सेकंद एवढाच ठरलेला असे, आणि प्रकाशासाठी सूर्य व ढग अशा दोन खुणा असत. एकशेवीस क्रमांकाच्या रोलवर चौकोनी बारा चित्रे निघत. या बारा चित्रांनी एक विशिष्ट शिस्त लावली: रोल आणि धुलाईचा खर्च मनात ठेवून, बटण दाबण्याआधी माणूस थांबत असे, माणसांना उन्हाकडे तोंड करून उभे करत असे, आणि स्वतःचा श्वास रोखत असे. भर उन्हात हा कॅमेरा निर्दोष चाले. १९६८ च्या सिंहस्थातल्या ढगाळ सकाळी मात्र तीसांश सेकंदात पाण्यातून बाहेर येणारा साधू हललेलाच येणार, हे त्याच्या रचनेतच ठरलेले होते. फिल्म आग्फाची असे, पूर्व जर्मनीची ऑर्वो असे, किंवा उटकमंडच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स या कारखान्याची ‘इंदू’ असे. हा कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि थंड, धूळविरहित हवेसाठी निलगिरीत उभारला गेला.

ज्यांची हौस फोटो काढण्यावर थांबली नाही त्यांनी घरीच रोल धुवायला सुरुवात केली. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन या दोन द्रव्यांपासून केलेले डेव्हलपर चित्र उमटवते आणि हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, न वापरलेला रौप्यक्षार काढून टाकून ते पक्के करते. पुस्तकांत या द्रावणांचे तापमान वीस अंश सेल्सियस दिलेले असे, आणि येथेच नाशिकची हवा आड येत असे. वैशाखात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असल्यामुळे जिलेटिनचा थर मऊ पडून निसटू लागे. मग रात्री उशिरा, माठातल्या पाण्याने द्रावण निववून आणि थर घट्ट व्हावा म्हणून तुरटीचा उपयोग करून काम उरकावे लागे. उलट पौषातल्या कडाक्याच्या रात्री द्रावण बारा-तेरा अंशांखाली गेले की हायड्रोक्विनोन जवळजवळ निष्क्रिय होते आणि चित्र फिकट, विरोधहीन येते. द्राक्षबागांना ज्या थंडीची धास्ती असते तीच थंडी डार्करूमवाल्यालाही जाणवत असे. लाल दिव्याच्या उजेडात, द्रावणाखालच्या कोऱ्या कागदावर हळूहळू काळे उमटू लागणे हा या छंदाचा गाभा होता, आणि ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांनी तो कधी क्षुल्लक मानला नाही.

१९८० च्या सिंहस्थाच्या सुमारास हौशी मंडळींच्या गळ्यात पस्तीस मिलिमीटर फिल्मचे, एकाच भिंगातून पाहायचे आणि टिपायचे असे कॅमेरे दिसू लागले. जपानी पेंटॅक्स परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून किंवा मुंबईच्या फोर्ट भागातल्या बाजारातून मिळे. रशियन झेनिट त्या मानाने आवाक्यात होता. या कॅमेऱ्यांनी भिंग हा स्वतंत्र मालमत्तेचा विषय केला. भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जेथे स्पष्ट जुळते तेथपर्यंतचे अंतर, जितके जास्त तितके दूरचे जवळ दिसते. म्हणून अठ्ठावीस मिलिमीटरचे रुंद, पन्नासचे नेहमीचे आणि एकशे पस्तीसचे दूरचे अशी तीन भिंगे जमली की संच पूर्ण समजला जाई. झेनिट, पूर्व जर्मनीचा प्राक्टिका आणि जुना पेंटॅक्स यांची भिंगे बेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या एकाच मापाच्या आट्यांनी बसत, त्यामुळे मित्रामित्रांत ती उसनी फिरत. झेनिटबरोबर येणारे अठ्ठावन्न मिलिमीटरचे हेलिओस हे भिंग जर्मन झाइस कंपनीच्या बायोटारच्या रचनेवरून बेतलेले होते, आणि त्याचे छिद्र एफ दोनपर्यंत उघडत असे. एफ संख्या म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेला आकडा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. क्लिक थ्रीच्या सुमारे एफ नऊच्या तुलनेत हा प्रकाश जवळजवळ वीसपट होता, आणि भरल्या आभाळाखाली रामकुंडावर हलते माणूस स्थिर टिपणे हौशी हाताला प्रथमच जमू लागले.

या भिंगांचा शत्रू पावसाळा. हवेतील दमटपणा फार दिवस टिकला की काचेवर बुरशीचे कोळिष्टकासारखे जाळे वाढते आणि काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ लेप खाऊन टाकते; चामड्याची पेटी शोभेची असली तरी ओल धरून ठेवते म्हणून ती घातकच. घरोघरी त्यावर कपाटात मंद दिवा लावून ठेवणे किंवा डब्यात सिलिका जेलचे निळे खडे ठेवणे, आणि ते गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करणे, असे उपाय होत.

१९९१ चा सिंहस्थ आणि आर्थिक उदारीकरण एकाच वर्षी यावे हा योगायोग असला तरी कॅमेऱ्याच्या इतिहासात तो ठळक दिसतो. त्या सुमारास रंगीत फिल्म सर्वत्र झाली आणि तासाभरात छपाई करून देणारी यंत्रे शहरातल्या दुकानांत बसू लागली. डिजिटल कॅमेरा ही या छंदातील सर्वांत मोठी क्रांती मानण्याचा प्रघात आहे, परंतु हौशी माणसाच्या हाताच्या दृष्टीने पाहिले तर खरा खंड येथे पडला. रंगीत फिल्मचे डेव्हलपर ३७.८ अंशांवर चालते आणि त्यात पाव अंशाचा फरकही रंग बिघडवतो. मोरीतल्या डार्करूमला हे झेपणारे नव्हते. रोल दुकानात टाकायचा आणि लिफाफा घेऊन यायचा, एवढेच काम उरले, आणि फोटो मोठे करून छापायचे एन्लार्जर माळ्यावर गेले. २००३ च्या सिंहस्थात फिल्म आणि डिजिटल शेजारी शेजारी होते, आणि त्यानंतर संगणकामुळे उजेड-अंधाराची जुळणी पुन्हा घरी आली. त्या अर्थाने डिजिटलने नवे काही सुरू करण्यापेक्षा गेलेले काही परत आणले.

२०१५ च्या पर्वण्यांना घाटावर बहुतेकांच्या हाती मोबाइल होता, आणि गंभीर हौस बरीचशी पक्ष्यांकडे वळलेली होती. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर जलाशय, जो २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला, तेथे हिवाळ्यात सहाशे मिलिमीटरची भिंगे तिपाईवर लावून माणसे पहाटेपासून बसतात. त्याच वेळी आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, मध्ये एक साधे धातूचे कडे बसवून, जुनी हेलिओस आणि पेंटॅक्सची भिंगे पुन्हा वापरात आली आहेत. कडे आणि कॅमेरा नवे, अंतर मात्र पूर्वीसारखे हाताने फिरवून जुळवायचे. अशा काही भिंगांच्या कडेला जुन्या पावसाळ्यातील बुरशीचा पुसट डाग अजून आहे, आणि पाण्यावर ऊन चमकत असताना फोटो घेतला की त्या चकाकीभोवती तो धूसर वलय उमटवतो.