शॉकवेव्ह थेरपी म्हणजे काय? जुन्या टाचदुखीवर, खांदेदुखीवर तिचा खरंच उपयोग होतो का?

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा तेच. मऊ चपला घेऊन झाल्या, गरम पाण्यात पाय बुडवून झाले, गोळ्याही घेऊन झाल्या. तरी सहा महिने दुखणं हटत नाही.

अशा वेळी हल्ली एक नाव हमखास ऐकू येतं, ते म्हणजे शॉकवेव्ह थेरपी. रील्समध्ये पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र टाचेवर टेकवलेलं असतं, टकटक आवाज येत असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'एका सेशनमध्ये दुखणं गायब'.

हा उपचार थोतांड नाही. त्यावर गेल्या तीन-चार दशकांत बराच अभ्यास झाला आहे. पण तो कोणत्या दुखण्यावर, कधी आणि किती उपयोगी पडतो, याचं उत्तर रीलमध्ये दाखवतात तितकं सोपं नाही.

'शॉक' म्हणजे विजेचा झटका का?

नाही. नावामुळे अनेकांचा हा गैरसमज होतो. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये चिकटपट्ट्या लावून झिणझिण्या देणारं जे यंत्र असतं, त्यात सौम्य वीज वापरतात. शॉकवेव्हमध्ये शरीरात वीज सोडली जात नाही. यात दाबाच्या लहरी असतात.

फटाका फुटला की कानाला आवाज ऐकू येतो आणि छातीवर हलका दणकाही जाणवतो. हवेतला दाब एकदम वाढल्यामुळे तो जाणवतो. साधारण तशाच, पण अतिशय छोट्या आणि नियंत्रित दाबलहरी यंत्रातून दुखऱ्या जागेत पाठवल्या जातात.

मुतखड्यावरचा उपचार टाचेपर्यंत कसा आला?

या उपचाराची मुळं जर्मनीत, तीही विमानांच्या कंपनीत आहेत. अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं काय होतं, याचा अभ्यास डॉर्नियर ही कंपनी करत होती. अशा आघातातून निघणाऱ्या लहरी पदार्थाच्या आत दूरपर्यंत जातात, हे तिथे लक्षात आलं. मग प्रश्न पडला की शरीर न कापता बाहेरूनच मुतखडा फोडता येईल का?

फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन चाउसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा प्रयोग यशस्वी केला. पाण्याच्या टबमध्ये ठेवलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा बाहेरून दिलेल्या लहरींनी फुटला. आज आपल्याकडे ज्याला लिथोट्रिप्सी म्हणतात, ती हीच पद्धत.

पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की या लहरी हाडांवर पडल्या तर तिथल्या हाड तयार करणाऱ्या पेशी जास्त सक्रिय होतात. त्यातून न जुळणाऱ्या हाडांवर आणि नंतर टेंडनच्या दुखण्यांवर हा उपचार वापरून पाहिला गेला. अमेरिकेच्या एफडीएने २००० मध्ये जुन्या टाचदुखीसाठी आणि २००३ मध्ये टेनिस एल्बोसाठी अशा यंत्राला मंजुरी दिली. मुतखड्यासाठी वापरतात त्यापेक्षा इथल्या लहरींची ताकद बरीच कमी असते.

टेंडनचं दुखणं जुनं का होतं?

टेंडन म्हणजे कंडरा. स्नायूला हाडाशी जोडणारी ही मजबूत दोरी असते. टाचेखाली तळव्यात असाच एक जाड पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिआ म्हणतात. पायाची कमान पेलण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

या भागांना स्नायूंच्या तुलनेत रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. तासन्‌तास उभं राहणं, अचानक वाढवलेलं धावणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या यामुळे त्यावर रोज ताण येत राहतो. दुखणं काही महिने जुनं झालं की तिथे नुसती सूज उरत नाही. आतल्या तंतूंची रचनाच विस्कळीत झालेली असते. म्हणूनच सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुखणं परत येतं.

शॉकवेव्ह थेरपीमागची कल्पना इथे येते. लहरींच्या माऱ्याने पेशींना धक्का बसतो, दुरुस्तीसाठी लागणारे घटक स्रवतात, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार व्हायला चालना मिळते आणि वेदनेचा संदेश नेणाऱ्या नसांची संवेदनशीलता कमी होते, असं मानलं जातं. यातल्या बऱ्याच गोष्टी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये दिसल्या आहेत. माणसाच्या शरीरात यातलं नेमकं काय आणि किती घडतं, यावर अजून एकमत नाही.

सगळी यंत्रं सारखीच असतात का?

नाही. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

फोकस्ड: भिंगाने ऊन एका बिंदूवर गोळा करावं, तशा यात लहरी त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटतात. खांद्याच्या आत साचलेल्या कॅल्शियमसारख्या खोलवरच्या जागेसाठी हा प्रकार वापरतात.

रेडियल: यात दाबलेल्या हवेने नळीतला छोटा धातूचा तुकडा पुढच्या टोकावर आपटतो आणि तो दणका त्वचेतून आत पसरतो. त्याची ताकद त्वचेपाशी सर्वात जास्त असते आणि आत जाता जाता कमी होते. शास्त्रीय भाषेत हिला खरी 'शॉकवेव्ह' म्हणत नाहीत, ही दाबलहर आहे. ही यंत्रं तुलनेने स्वस्त असल्याने फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये बहुतेक वेळा हीच दिसतात. टाचेसारख्या वरवरच्या जागेसाठी या प्रकाराचाही चांगला अभ्यास झाला आहे.

सेशनमध्ये नेमकं काय करतात?

आधी दाबून पाहून सर्वात दुखरी जागा शोधतात. तिथे जेल लावून यंत्राचं टोक टेकवतात. एका सेशनमध्ये साधारण १,५०० ते ३,००० ठोके दिले जातात. रेडियल यंत्र सेकंदाला दहाच्या आसपास ठोके देतं, त्यामुळे प्रत्यक्ष मारा काही मिनिटांतच संपतो. साधारण आठवड्याला एक याप्रमाणे तीन ते पाच सेशन होतात.

दुखतं का? हो, बऱ्यापैकी. सुरुवातीला ताकद कमी ठेवून ती सोसेल तशी वाढवतात. जागा बधिर करायचं इंजेक्शन शक्यतो देत नाहीत, कारण रुग्णाला नेमकं कुठे दुखतंय हे कळणं गरजेचं असतं. शिवाय बधिर करून उपचार केल्यावर परिणाम कमी होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात दिसलं होतं.

सेशननंतर एक-दोन दिवस लाली, किंचित सूज, काळंनिळं पडणं किंवा दुखणं वाढणं हे त्रास होऊ शकतात. ते बहुधा आपोआप जातात.

अभ्यास काय सांगतात?

दुखण्यानुसार याचं उत्तर बदलतं.

टाचदुखी: सर्वात जास्त अभ्यास याच दुखण्यावर झाला आहे आणि निकाल उलटसुलट आहेत. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६६ रुग्णांच्या आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या २७२ रुग्णांच्या चाचणीत खरा उपचार आणि खोटा उपचार यांत फरक दिसला नाही. जर्मन चाचणीत जागा बधिर केली होती. २००८ मध्ये रेडियल यंत्राच्या एका चाचणीत मात्र खरा उपचार घेतलेल्या ६१ टक्के रुग्णांना १२ आठवड्यांनी चांगला फरक पडला. खोटा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं.

हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. यंत्राचा मारा न मिळताही दहातल्या चार जणांना बरं वाटलं. काळ, विश्रांती आणि उपचार मिळाल्याचा दिलासा यांचाही परिणाम होतो. त्यामुळे 'मला फायदा झाला' हा एखाद्याचा अनुभव खरा असला, तरी तो यंत्रामुळेच झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

खांदेदुखी: खांद्याच्या टेंडनमध्ये कॅल्शियम साचलेलं असेल, तर जास्त ताकदीच्या फोकस्ड लहरींनी फायदा होतो, असं २००३ मध्ये १४४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. पण २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने ३२ चाचण्या आणि २,२८१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला जाणवेल इतका फायदा फारसा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

टेनिस एल्बो: २००५ मध्ये कोक्रेनने नऊ चाचण्या तपासल्या. १,००६ रुग्णांमध्ये फायदा अगदी कमी किंवा जवळपास नाहीच, असं आढळलं. म्हणजे यंत्राला मंजुरी आहे, एवढ्यावरून तो उपचार प्रत्येकाला लागू पडेल असं धरून चालत नाही.

टाचेच्या मागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन: २००९ च्या एका छोट्या चाचणीत ६८ रुग्ण होते. फक्त व्यायाम करणाऱ्यांत ५६ टक्के, तर व्यायामाबरोबर शॉकवेव्ह घेणाऱ्यांत ८२ टक्के रुग्णांना चार महिन्यांनी चांगला फरक पडला.

मान आणि पाठीच्या स्नायूंतल्या गाठी: काही लहान अभ्यासांत थोड्या काळासाठी आराम मिळालेला दिसतो. टेंडनच्या तुलनेत इथला पुरावा कमजोर आहे.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही टाचदुखीबद्दल असंच म्हटलं आहे: सुरक्षिततेची मोठी चिंता नाही, पण परिणामाचा पुरावा एकसारखा नाही.

लगेच बरं वाटलं तर?

सेशन झाल्या झाल्या अनेकांना हलकं वाटतं. रीलमध्ये दाखवतात तो बहुधा हाच क्षण असतो. नसा काही काळ मंदावल्यामुळे असं होऊ शकतं. तेवढ्यात टेंडन दुरुस्त झालेलं नसतं.

घोड्यांच्या स्पर्धांचे नियम यावर बरंच काही सांगून जातात. घोड्यांनाही हा उपचार देतात, पण स्पर्धेच्या आधी ठरावीक दिवस तो देण्यावर बंदी असते. वेदना दबली की घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देतो आणि मोठी इजा होऊ शकते. माणसालाही तोच धोका आहे. सेशननंतर बरं वाटलं म्हणून त्याच संध्याकाळी पाच किलोमीटर धावायला जाऊ नये. खरा परिणाम दिसायला १२ आठवडे लागू शकतात.

मग व्यायामाचं काय?

अकिलीस टेंडनच्या अभ्यासातली महत्त्वाची बाब अशी की चांगला निकाल मिळालेल्यांनी व्यायाम सोडला नव्हता. टेंडनला हळूहळू वाढता भार दिला की ते मजबूत होतं. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला पायरीवरचा व्यायाम जगभर वापरला जातो. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. त्यांच्या पद्धतीत दिवसाला १८० वेळा, सलग १२ आठवडे.

टाचदुखीसाठीही असाच एक व्यायाम आहे. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश वर-खाली करायची. २०१४ मध्ये ४८ रुग्णांच्या चाचणीत, नुसता तळवा ताणणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी जास्त फरक पडला होता.

बहुतेकांची टाचदुखी व्यायाम, योग्य चपला आणि थोडं वजन कमी करणं अशा साध्या उपायांनी वर्षभरात आटोक्यात येते. म्हणूनच शॉकवेव्ह हा पहिला उपाय मानला जात नाही. काही महिने हे सगळं नीट करूनही दुखणं राहिलं, तर त्याच्या जोडीला तो घेता येतो.

कुणी हा उपचार टाळावा?

- गरोदर महिला
- त्या जागी गाठ, कर्करोग किंवा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे किंवा रक्त गोठण्याचा विकार असलेले रुग्ण
- वाढत्या वयातली मुलं, कारण हाडांची टोकं अजून वाढत असतात
- त्याच जागी नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेले रुग्ण

पेसमेकर असेल किंवा मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे. फुप्फुस, मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यावर या लहरी देत नाहीत.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी काय विचाराल?

१. दुखण्याचं निदान काय आहे? टाच दुखते म्हणजे प्रत्येक वेळी प्लांटर फॅसायटिसच असतं असं नाही. नस दबणं, हाडाला बारीक चीर किंवा संधिवातही असू शकतो.
२. यंत्र फोकस्ड आहे की रेडियल? माझ्या दुखण्यासाठी तेच का?
३. सोबत कोणता व्यायाम करायचा?
४. दोन-तीन सेशननंतर फरक पडला नाही, तर पुढे काय?
५. उपचार देणारी व्यक्ती नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आहे का?
६. हा खर्च विम्यात बसतो का?

व्यायामाचं नावही न काढता थेट दहा सेशनचं पॅकेज समोर ठेवलं, तर दुसरं मत घेतलेलं बरं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लालभडक सूज, मुंग्या येणं किंवा अचानक 'कट्' असा आवाज होऊन पायातली ताकद जाणं, यातलं काही असेल तर यंत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

थोडक्यात, शॉकवेव्ह थेरपी बऱ्यापैकी सुरक्षित आहे आणि काही जुन्या दुखण्यांत मदत करू शकते. पण पाच मिनिटांच्या ठोक्यांनी १२ आठवड्यांच्या व्यायामाचं काम होत नाही. त्यामुळे पैसे यंत्रावर खर्च करायचे की नाही, हे निदान झाल्यावर ठरवा. पायरीवरचा व्यायाम तर फुकट आहे, तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतला की घरीच करता येतो.