पीटर जॅक्सनची सहा रिकामी वर्षं

ज्याला लढूच दिलं नाही त्याचा इतिहास कसा लिहायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे. लढलेल्याचा इतिहास लिहिणं सोपं. तारीख, गाव, समोरचा गडी, निकाल. चार रकाने भरले की झालं. पण जो मूठ आवळून दाराशी उभा राहिला नि दार उघडलंच नाही, त्याच्या नावापुढं काय लिहायचं? रकाना रिकामा राहतो. मग तो रिकामा रकाना बघून कुणीही उपटसुंभ म्हणतो, हा लढलाच नाय, याला मोठा कशाला म्हणायचं?

पीटर जॅक्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याबद्दल बॉक्सिंगचे शौकीन सव्वाशे वर्षं हाच वाद घालतायत. आपल्यातल्या पुष्कळांनी मोहम्मद अलीचं नाव ऐकलंय, जॅक जॉन्सनचंही काहींनी. पीटर त्यांच्या आधीचा. त्याचं नाव आपल्याकडं कुणी घेत नाही. म्हणून आधी माणूस सांगतो, वाद मग.

1861 च्या सुमाराला वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉई बेटावर तो जन्मला. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात. तिथल्या गुलामांनी उठाव केला नि 1848 साली गुलामगिरी गेली. म्हणजे पीटर जन्मला तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांच्या अंगावर साखळीचे वळ ताजे असणार. पोरवयात तो जहाजावर खलाशी झाला, समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात सिडनीला उतरला. तिथं लॅरी फोली नावाच्या गोऱ्या उस्तादाच्या आखाड्यात मूठ चालवायला शिकला. 1886 साली टॉम लीसला तीस फेऱ्यांत हरवून ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट विजेता झाला.

1888 साली तो अमेरिकेत गेला. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज गॉडफ्रेला हरवलं. गॉडफ्रेही काळा. त्यांच्यासाठी एक वेगळं अजिंक्यपद होतं, काळ्यांचं अजिंक्यपद. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, तसंच अजिंक्यपदही वेगळं. हे वाचताना मला हसू आलं नाही. तुम्हालाही येणार नाही.

खरं अजिंक्यपद होतं जॉन एल. सलिव्हनकडं. दारूच्या गुत्त्यात उभा राहून जगातल्या कुठल्याही माणसाला चोपतो म्हणणारा हा गडी. पण पीटरचं नाव निघालं की त्याचं उत्तर ठरलेलं, काळ्याशी लढणार नाही. 1892 साली त्यानं जगाला आव्हान दिलं, त्यातही काळे वगळले. याला तिकडं नाव आहे कलर लाइन. रंगाची रेघ. नाव नवं, रेघ आपल्या ओळखीची. शिवशील तर बाटेन, हे भटजी म्हणायचा. सलिव्हनचं म्हणणं तेच, फक्त त्याच्या मुठी मोठ्या होत्या.

आता ज्यावरून वाद पेटतो ती लढत. 21 मे 1891, सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया ॲथलेटिक क्लब. पीटरसमोर जेम्स कॉर्बेट. वय चोवीस, बँकेत कारकुनी केलेला, अंगानं चपळ. बक्षीस दहा हजार डॉलर. लढतीच्या आधी, सरावाच्या दिवसांत, पीटर बग्गीतून पडला होता नि त्याचा घोटा दुखावला होता. तरी तो रिंगणात उतरला. तीन मिनिटांची एक फेरी, मधे एक मिनिट विसावा. अशा एकसष्ट फेऱ्या झाल्या. हिशोब करा, चार तासांच्या वर. आमच्या आठ तासांच्या पाळीतली अर्धी पाळी, ती पण मार खात नि मार देत. शेवटी दोघांचे हात उचलेनात. पंचानं लढत थांबवली नि निकालच दिला नाही. बरोबरीसुद्धा नाही. लढत झालीच नाही असं धरा, म्हणाला.

दुसऱ्या वर्षी, 30 मे 1892 ला, लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबात पीटरसमोर फ्रँक स्लॅव्हिन आला. हाही फोलीच्याच आखाड्यातला, पण गोरा, नि काळ्याकडून मी हरणार नाही असं छाती ठोकून सांगणारा. दहाव्या फेरीत स्लॅव्हिन उभ्या उभ्या बेशुद्ध झाल्यागत झाला. पीटरनं हात थांबवला, पंचाकडं बघितलं. पंच म्हणाला, चालू ठेव. मग त्यानं हलक्या हातानं ठोसे देऊन त्याला खाली बसवलं.

तेव्हा पीटर तिशीत होता, भरात होता. आणि इथून पुढं रकाना रिकामा. मे 1892 ते मार्च 1898, जवळजवळ सहा वर्षं, खरी म्हणावी अशी एकही लढत नाही. मग 22 मार्च 1898 ला सॅन फ्रान्सिस्कोत, बावीस वर्षांच्या, सांडासारख्या जेम्स जेफ्रीजसमोर तो उभा राहिला नि तिसऱ्या फेरीत संपला. पुढं क्षयानं पोखरला, ऑस्ट्रेलियात परतला. 13 जुलै 1901 ला क्वीन्सलँडमधल्या रोमा गावी मेला. चाळिशीही धड पार झाली नव्हती.

यावर शौकिनांचे तीन पक्ष.

पहिला म्हणतो, कोवळ्या कॉर्बेटला जो एकसष्ट फेऱ्यांत पाडू शकला नाही तो कसला थोर? दुसरा म्हणतो, घोटा धड असता तर कॉर्बेट वीस फेऱ्यांत झोपला असता. तिसरा पक्ष थंड डोक्याचा. तो म्हणतो, जर-तर राहू द्या, वही बघा. सहा वर्षं बसून राहिला, नंतर तीन फेऱ्यांत पडला. वही खोटं बोलत नाही.

घोट्याचं आधी उरकतो. दुखापत खरी होती, पण ती एका रात्रीचा हिशोब देते. पीटर स्वतःच्या पायानं रिंगणात गेला, चार तास टिकला, त्यात त्याचं मोठेपण आलं. घोट्याची ढाल त्याच्यापुढं धरायची गरज नाही. आणि सहा वर्षं सुजून राहणारा घोटा मी तरी पाहिलेला नाही. घोट्यावर वाद घालत बसलं की एक सोय होते, दार कुणी लावलं हे विचारावं लागत नाही. दोष शरीरावर ढकलला की व्यवस्था सुटते. आपल्या पोरांच्या नापाशीबद्दल असंच बोलतात ना? डोक्यानं कमी, अंगानं कमी. शाळेच्या दाराबद्दल कुणी बोलत नाही.

तर दाराबद्दल बोलू. 7 सप्टेंबर 1892 ला न्यू ऑर्लिन्सच्या ऑलिंपिक क्लबात कॉर्बेटनं सलिव्हनला एकविसाव्या फेरीत पाडलं नि जगज्जेता झाला. पीटरशी ज्याचा निकाल लागला नव्हता तोच माणूस. त्याच्या आदल्या रात्री, त्याच क्लबात, जॉर्ज डिक्सन या छोट्या वजनाच्या काळ्या विजेत्यानं जॅक स्केली या गोऱ्याला झोडपलं होतं. ते बघून गोऱ्यांच्या पोटात दुखलं नि इथं पुन्हा काळा-गोरा अशी लढत नको असं क्लबानं ठरवून टाकलं. आलं ध्यानात? काळा हरला असता तर नियम बदलला नसता.

मग कॉर्बेट नि पीटर यांच्यात जागेवरून घोळ सुरू झाला. पीटर म्हणे लंडनला लढू, तिथं न्याय मिळेल. कॉर्बेट म्हणे अमेरिकेतच. 1894 साली फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल पुढं आलं. म्हणजे दक्षिण. जिथं काळ्या माणसाला झाडाला टांगायला कोर्टकचेरी लागत नव्हती. तिथं गोऱ्या जगज्जेत्याला हजारो गोऱ्यांच्या देखत पाडायचं नि जिवंत बाहेर यायचं! पीटरनं नकार दिला. लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं, दोघांचं जमलं नाही. दोघांचं! एकाच्या पाठीमागं सगळा देश उभा, दुसऱ्याच्या पाठीमागं झाड नि दोर. याला दोघांचं जमलं नाही असं म्हणतात.

आता त्या तिसऱ्या पक्षाला, वहीवाल्याला, मला एक विचारायचंय. वही बघायची तर दोघांची बघ. कॉर्बेट 1892 ते 1897 जगज्जेता होता. एवढ्या वर्षांत अजिंक्यपद पणाला लावून तो दोनदा लढला. 1894 ला चार्ली मिचेलशी, नि 1897 ला बॉब फिट्झसिमन्सशी, ज्यात तो हरला. बाकी वेळ काय करत होता? नाटकात काम. पण कॉर्बेटच्या रिकाम्या वर्षांचा हिशोब कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. बसून राहिला तो पीटरच.

आणि पीटर बसला होता का? तोही नाटकातच होता. फरक एवढाच, कॉर्बेटसाठी तो हिरो असलेलं नाटक, जंटलमन जॅक. नि पीटरला अंकल टॉम. हॅरिएट स्टोव्हच्या 1852 सालच्या कादंबरीवरचं नाटक, त्यातला मालकाचा मार खाऊन मरणारा देवभोळा म्हातारा गुलाम. जगातल्या कुठल्याही माणसाला आडवं करील असा हा गडी रोज रात्री रंगमंचावर गोऱ्याच्या चाबकानं मरायचा, नि प्रेक्षक रुमालानं डोळे पुसायचे. आत कुठंतरी मुष्टीची झलक दाखवायची, तेवढंच. ज्याला रिंगणात गोऱ्याला मारायची बंदी, त्याला रंगमंचावर गोऱ्याकडून मरायला पगार.

मी सूतगिरणीत बदलीवर आहे. भोंग्याच्या आधी गेटावर उभं राहायचं. कायमचा गडी आला की बदलीवाल्यानं डबा घेऊन परत फिरायचं. घरी शेजारी विचारतो, आज कामाला गेला नाहीस? गेलो होतो, काम मिळालं नाय. पण मस्टरवर दोन्ही एकच दिसतं. झोपून राहिलेला नि गेटावर तासभर उभा राहिलेला, दोघांच्या नावापुढं तीच खूण. म्हणून वही खोटं बोलत नाही हे मला पटत नाही. वहीत खाडाखोड नसेल, पण वही कुणाच्या टेबलावर असते ते बघावं लागतं.

जेफ्रीजचं तर उघडच आहे. 1898 ला, सहा वर्षं गंजत ठेवलेला, आतून पोखरलेला पीटर त्याला लढायला चालला. 1899 ला तो स्वतः जगज्जेता झाला नि लगेच रंगाची रेघ ओढली, काळ्याशी अजिंक्यपदासाठी लढणार नाही म्हणाला. मोडलेला काळा चालतो, धडधाकट चालत नाही. कॉर्बेटनं 1925 च्या आत्मचरित्रात पीटरची तोंडभर स्तुती केली. पीटरला मरून तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. मेलेला काळा तर सगळ्यांनाच चालतो.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. पीटर वागायला सौम्य, बोलायला आदबशीर. गोऱ्यांच्या पेपरांनी त्याचं कौतुक केलं ते याच गुणाचं. पुढं जॅक जॉन्सन आला. ज्या सिडनीत पीटर शिकला त्याच सिडनीत 26 डिसेंबर 1908 ला त्यानं टॉमी बर्न्सला असं बडवलं की पोलिसांनी चौदाव्या फेरीत लढत थांबवली. हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. तो हसायचा, चिडवायचा, कुणापुढं वाकायचा नाही. मग त्याच गोऱ्यांना पीटर आठवला, काळ्यानं असावं तर तसं! ज्याला जिवंतपणी लढू दिलं नाही त्याच्या मढ्याची काठी करून दुसऱ्या काळ्याच्या पाठीत घातली. आपल्यातही गुणी नि उद्धट अशी वाटणी करणारे भेटतात. गुणी म्हणून पाठ थोपटली तर विचारा, पीटरला त्याच्या गुणाबद्दल काय मिळालं?

पण काळ्या माणसांनी त्याला वेगळा ओळखला होता. गुलामगिरीतून पळून आलेला, काळ्यांचा थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस यानं आपल्या अभ्यासिकेत पीटरचा फोटो लावला होता. येणाऱ्याला तो दाखवून म्हणायचा, की काळ्यांचा प्रश्न सोडवायचं पुष्कळ काम हा आपल्या मुठींनी करतोय. जेम्स वेल्डन जॉन्सननं हे लिहून ठेवलंय. डग्लसनं वही बघितली नाही, मूठ बघितली. जोतिबांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा पीटर बारा-तेरा वर्षांचा पोरगा. त्याची दुःखं आपल्याला परकी नाहीत ती इतकी जुनी.

दोस्तांनो, आपणही एक घोळ करतो. रिकाम्या रकान्यात मनातला विजय लिहून टाकतो. पीटर कॉर्बेटला हमखास पाडला असता, आमचा अमका हमखास पहिला आला असता. तसं लिहू नका. ते सिद्ध होत नाही, नि शत्रू त्यावर हसून निसटतो. लिहायचं तर सिद्ध होतं ते लिहा. रेघ कुणी ओढली, कुठल्या साली, कुठल्या क्लबात, काय कारण सांगून. सलिव्हन, 1892. ऑलिंपिक क्लब, 1892. कॉर्बेट, जॅक्सनव्हिल, 1894. जेफ्रीज, 1899. 1915 ला जॉन्सनचं पद गेल्यापासून 1937 ला जो लुई जिंकेपर्यंत बावीस वर्षं एकाही काळ्याला हेवीवेट अजिंक्यपदाची लढत मिळाली नाही. सॅम लँगफर्ड आंधळा होईतो लढला, हॅरी विल्स वाट बघत म्हातारा झाला. हा सगळा पुरावा आहे. पीटरचा रकाना असा भरला की रिकामा राहत नाही, नि त्यात पीटरचं नाव आरोपीच्या जागी येत नाही.

1990 साली अमेरिकेतल्या बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये पीटरला घेतलं, कॉर्बेट नि जेफ्रीजच्या बरोबरीनं. घेतलं ते बरं झालं. त्याला ब्रिस्बेनच्या टूवाँग दफनभूमीत पुरलंय. दगडावर चाहत्यांनी शेक्सपिअरच्या नाटकातले मोजके शब्द कोरलेत, त्यांचा अर्थ, हा माणूस होता. आपल्या वस्तीत ज्यांनी दाराशी उभं राहून जन्म काढला, त्यांच्या तारखा अजून कुणी लिहिल्या नाहीत. ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडं जा. वही घेऊन जा.